आरव्हीचा इन्व्हर्टर: भरवसा ठरतो तो बॅटरीपासूनच्या दीड मीटरवर

आरव्हीत, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, पहिल्यांदा इन्व्हर्टर बसवला तेव्हा मी सगळा वेळ इन्व्हर्टर निवडण्यात घालवला. माहितीपत्रकं पालथी घातली, चार मॉडेलं ताडून पाहिली, त्यातला चांगला घेतला. बॅटरीपासून त्याच्यापर्यंत जाणारी वायर मात्र हाताशी होती तीच ओढली. पहिल्याच मुक्कामी मायक्रोवेव्ह लावला आणि अर्ध्या मिनिटात इन्व्हर्टर टीं-टीं करून बंद पडला. बॅटरी त्याच दुपारी पूर्ण चार्ज झालेली. साहजिकच वाटलं की इन्व्हर्टर सदोष निघाला.

मग मल्टिमीटर काढला आणि मायक्रोवेव्ह चालू असताना दोन ठिकाणी व्होल्टेज मोजलं. बॅटरीच्या टोकांवर १२.१ व्होल्ट, इन्व्हर्टरच्या टोकांवर १०.९. मधल्या मधे १.२ व्होल्ट गळत होते. त्या वेळी वायरीतून साधारण ११५ अँपिअर वाहत होते, म्हणजे जवळपास १३८ वॅट नुसती वायर आणि जोड तापवण्यात जात होते. इन्व्हर्टरच्या प्लस टोकावरची लग, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं कडं, हात लावताच चटका बसेल इतकी गरम होती. तिच्यावरची हीटश्रिंक नळी (उष्णतेने आक्रसून घट्ट बसणारं वेष्टण) तपकिरी पडून सुरकुतली होती. इन्व्हर्टरने बंद पडून स्वतःला वाचवलं होतं. दोष माझ्या वायरिंगचा होता.

तेव्हापासून कुणीही विचारलं की कोणता इन्व्हर्टर घेऊ, तर मी आधी विचारतो, बॅटरीपासून तो किती लांब बसणार आहे? चांगला इन्व्हर्टर आज सहज मिळतो. तो वर्षानुवर्षं बिनबोभाट चालेल की नाही, हे त्याच्या आणि बॅटरीच्या मधल्या दीड मीटरवर ठरतं.

आधी यादी, मग खरेदी

बॅटरीतली वीज डीसी असते, १२ किंवा २४ व्होल्टची. इन्व्हर्टर तिची एसी वीज करतो, तुमच्या देशात चालते तशी: कुठे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, कुठे १२० व्होल्ट ६० हर्ट्झ. आरव्हीतले दिवे, पाण्याचा पंप, छताचा पंखा आणि बरेचसे फ्रिज थेट १२ व्होल्टवरच चालतात. त्यांना इन्व्हर्टरशी काही देणंघेणं नाही. फोन आणि बरेचसे लॅपटॉपही १२ व्होल्टच्या चार्जरवर चार्ज होतात. डीसीवर भागतं ते डीसीवरच ठेवा, कारण डीसीचं एसी करताना दर वेळी साधारण १० ते १५ टक्के वीज वाया जाते.

आता कागद घ्या आणि जे एसीशिवाय चालणारच नाही तेवढं लिहा. प्रत्येक वस्तूपुढे दोन आकडे: किती वॅट, आणि दिवसातून किती वेळ. पहिल्या आकड्यावरून इन्व्हर्टर किती मोठा हवा ते कळतं, दोन्हींच्या गुणाकारावरून बॅटरी किती मोठी हवी ते.

वॅटचा आकडा वस्तूच्या मागच्या पट्टीवर बघा, दर्शनी भागावर नको. मायक्रोवेव्ह याचं उत्तम उदाहरण. समोर ८०० वॅट लिहिलेलं असतं, पण ती पदार्थात जाणारी शक्ती असते. प्लगमधून तो १२०० ते १३०० वॅट ओढतो. दहा मिनिटं चालवला तर सव्वादोनशे वॅट-तासांच्या आसपास गेले. १००० वॅटची किटली एक लिटर पाणी उकळायला सहा-सात मिनिटं घेते, म्हणजे ११० वॅट-तासांच्या आसपास. ६५ वॅटचा लॅपटॉप चार्जर पूर्ण ताकदीने चार तास चालला तर २६० वॅट-तास. म्हणजे दिसायला किरकोळ असलेला लॅपटॉप दिवसाच्या हिशेबात मायक्रोवेव्हच्या पुढे जातो, पण त्याच्यासाठी मोठा इन्व्हर्टर लागत नाही. हे दोन हिशेब वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ संपतो.

एकाच वेळी काय काय चालणार, याची बेरीज करा. मायक्रोवेव्ह, लॅपटॉप आणि एखादा चार्जर मिळून १४०० वॅट होत असतील तर वर पाव हिस्सा मोकळा ठेवा आणि २००० वॅटचा इन्व्हर्टर पाहा. किटली आणि मायक्रोवेव्ह एकाच वेळी लावायचे नाहीत, एवढी शिस्त पाळली तरी इन्व्हर्टरचा एक आख्खा आकार वाचतो. छतावरचा एअर कंडिशनर पहिल्या इन्व्हर्टरच्या यादीत धरूच नका. त्याला लागणारी बॅटरी हा वेगळाच मोठा प्रकल्प आहे.

मोटर असलेल्या वस्तूंकडे जरा नीट बघा. कॉम्प्रेसर, पंप, ड्रिल यांची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या तीन ते सहा पट करंट मागते. म्हणून इन्व्हर्टरवर दोन आकडे असतात, सलग चालण्याचा आणि क्षणिक झेपेचा. खोक्यावर ठळक छापलेला आकडा बऱ्याचदा झेपेचा असतो. निवड करायची ती सलगच्या आकड्यावरून, आणि झेप किती सेकंद टिकते हेही बघायचं.

इन्व्हर्टर कोणता

प्युअर साइन वेव्ह घ्या, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा. मॉडिफाइड साइन वेव्ह स्वस्त पडतो, पण त्याची लहर पायऱ्या-पायऱ्यांची असते. त्यावर मोटरी जास्त तापतात, मायक्रोवेव्ह घुरघुरतो आणि पदार्थ गरम व्हायला जास्त वेळ घेतो, काही चार्जर जळतात. झोपेत श्वासासाठी यंत्र वापरणारं कुणी सोबत असेल तर हा विषय इथेच संपतो. बल्ब आणि साधा हीटर एवढंच चालवायचं असेल तर मॉडिफाइड चालेल, पण आरव्हीत एवढ्यावर कुणाचंच भागत नाही.

वॅट आणि व्हीए (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअरचा नुसता गुणाकार) यांत गल्लत होऊ देऊ नका. ३००० व्हीए असं नाव असलेल्या इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकात २५ अंश सेल्सिअसला २४०० वॅट आणि ४० अंशांना २२०० वॅट, असं लिहिलेलं सापडू शकतं. बंद कप्प्यात, उन्हात उभ्या गाडीत ४० अंश सहज होतात. म्हणून ४० अंशांचा आकडा खरा धरा. माहितीपत्रकात तो दिलेलाच नसेल तर मी ते मॉडेल बाजूला ठेवतो.

गरजेपेक्षा फार मोठाही नको. ही चूक नवशिके हौसेने करतात. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्यावर काहीही लावलं नाही, तरी तो स्वतःसाठी वीज खातो. २००० वॅटच्या इन्व्हर्टरची ही भूक साधारण १० ते ३० वॅट असते. २० वॅट धरा: चोवीस तासांत ४८० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून ४० अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांच्या लेड-अॅसिड बॅटरीतून आपण सुरक्षितपणे ५० काढतो. त्यातले ४० काहीही न वापरता गेले! म्हणून इन्व्हर्टरला दूरवरून चालू-बंद करण्याचं बटण हवंच, आणि ते हाताशी, दाराजवळ किंवा ओट्यापाशी लावायचं. चार पावलं वाकून जावं लागलं की माणूस बंद करायचं टाळतो. मोठा आणि छोटा असे दोन इन्व्हर्टर ठेवणारेही आहेत: दिवसभर लॅपटॉपसाठी ३०० वॅटचा, मायक्रोवेव्हपुरता मोठा. जागा असेल तर ही पद्धत मला पटते.

काही इन्व्हर्टरच्या पोटात लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर असतो. त्यांची झेप कित्येक सेकंद टिकते, मोटरीचा दणका ते शांतपणे झेलतात, पण वजन बरंच असतं. हलके, उच्च वारंवारतेचे इन्व्हर्टर निम्म्याहून कमी वजनाचे, पण त्यांची झेप अल्पजीवी. कॉम्प्रेसर किंवा मोठी अवजारं चालवायची नसतील तर हलका पुरतो.

बाहेरच्या विजेवरही गाडी लावणार असाल तर इन्व्हर्टर-चार्जर एकत्र असलेलं यंत्र घ्यावं, असं माझं मत आहे. बाहेरची वीज आली की ते आपोआप तिच्यावर जातं, बॅटरी चार्ज करतं, वीज गेली की परत बॅटरीवर येतं. हा बदल करणारा ट्रान्सफर स्विच आतच असतो, त्यामुळे पुढे सांगितलेल्या धोक्याच्या दोन-तीन चुका होण्याचा प्रश्नच उरत नाही.

घरासाठीचा इन्व्हर्टर गाडीत बसवू नका. गाडी हादरते, धूळ खाते, ओल धरते. वाहनासाठी तपासलेल्या यंत्रावर तसा उल्लेख असतो. अमेरिकेत यासाठी यूएल ४५८ हे मानक आहे, युरोपात वाहनातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर ई-मार्क असतो.

बॅटरीला झेपेल का?

इथे अंथरूण पाहून पाय पसरायचे. एक सोपा आडाखा पाठ करून ठेवा: १२ व्होल्टवर वॅटला १० ने भागा, तेवढे अँपिअर बॅटरीतून जाणार. २४ व्होल्टवर २० ने भागा. यात इन्व्हर्टरमधला तोटा आणि व्होल्टेजची घसरण दोन्ही धरलेले आहेत. म्हणजे २००० वॅटला १२ व्होल्टवर २०० अँपिअर. घरातल्या मुख्य फ्यूजमधून जातो त्याच्या कितीतरी पट हा करंट आहे आणि तो तुमच्या पलंगाखालून वाहणार आहे.

लेड-अॅसिड बॅटरीवर लिहिलेली क्षमता २० तासांच्या संथ वापराची असते. १०० अँपिअर-तास म्हणजे ५ अँपिअरने २० तास. तिच्यातून १०० अँपिअर ओढले तर ती तासभर टिकत नाही, निम्म्याच्या आसपासच मान टाकते. शिवाय व्होल्टेज असं कोसळतं की बॅटरीत चार्ज शिल्लक असतानाच इन्व्हर्टर बंद पडतो. लेड-अॅसिडवर २००० वॅट काढायचे असतील तर ४०० अँपिअर-तासांच्या खाली जाऊ नका.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी व्होल्टेज छान धरून ठेवते आणि तिची ८० ते ९० टक्के क्षमता वापरता येते. पण तिच्या आत पहारेकरी बसलेला असतो, बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट. १०० अँपिअर-तासांच्या बऱ्याच बॅटऱ्यांत तो १०० अँपिअरच्या वर सलग जाऊ देत नाही. १२.८ व्होल्ट गुणिले १०० अँपिअर म्हणजे १२८० वॅट, तोटा वजा जाता हाती साडेअकराशे. एका अशा बॅटरीवर २००० वॅटचा इन्व्हर्टर लावला तर मायक्रोवेव्ह सुरू होताच बीएमएस सगळं बंद करतो, दिव्यांसकट. निदान दोन बॅटऱ्या समांतर लावा. समांतर लावताना प्लसची केबल पहिल्या बॅटरीवरून आणि मायनसची शेवटच्या बॅटरीवरून घ्या. दोन्ही एकाच बॅटरीवरून घेतल्या तर ती एकटी राबते आणि लवकर म्हातारी होते.

इंजिन सुरू करणारी बॅटरी या कामाला लावू नका. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा इन्व्हर्टरही त्या सॉकेटच्या १० ते १५ अँपिअरच्या फ्यूजमुळे १२० ते १५० वॅटपुढे जाऊ शकत नाही.

केबल: इथे हात आखडता घेऊ नका

तांब्याच्या तारेचा रोध काढणं सोपं आहे. ०.०१७५ ला मीटरमधल्या लांबीने गुणा आणि चौरस मिलिमीटरमधल्या जाडीने भागा, उत्तर ओममध्ये. लांबी मोजताना जाण्याची आणि येण्याची, दोन्ही धरायची, कारण करंट प्लसवरून जातो आणि मायनसवरून परत येतो.

माझी पहिली केबल २५ चौरस मिलिमीटरची, जाऊन-येऊन ८ मीटर. रोध ०.००५६ ओम. ११५ अँपिअरला ०.६४ व्होल्ट तिथेच गेले. आता तीच गोष्ट ७० चौरस मिलिमीटर आणि जाऊन-येऊन ३ मीटरने करून बघा: रोध ०.०००७५ ओम, आणि पूर्ण २०० अँपिअरलासुद्धा फक्त ०.१५ व्होल्ट. जाडी तिपटीच्या आत वाढली आणि लांबी कमी झाली, तेवढ्यात सगळं चित्र पालटलं.

१२ व्होल्टवर, दीड मीटरच्या अंतरासाठी मी हे धरतो: १००० वॅटला ३५ चौरस मिलिमीटर, २००० वॅटला ७०, आणि ३००० वॅटला ९५ ते १२०. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत याहून जाड सांगितली असेल तर पुस्तिका प्रमाण. ३००० वॅटच्या पुढे जायचं असेल तर २४ व्होल्टचाच विचार करा, करंट निम्मा होतो.

केबल शुद्ध तांब्याची आणि बारीक तारांची घ्या, वेल्डिंगला वापरतात तशी लवचीक. अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली केबलही बाजारात मिळते, बाहेरून हुबेहूब तांब्याची दिसते. टोक कापून सुरीने एक तार खरवडा, आत पांढरं दिसलं तर परत करा.

उरलेले ०.५६ व्होल्ट कुठे गेले होते, ते सांगतो, कारण माझ्या मते या सगळ्या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. इन्व्हर्टरच्या बोल्टवर मी आधी वॉशर घातला होता, त्यावर लग, मग नट. वॉशर स्टेनलेस स्टीलचा. स्टेनलेस स्टीलचा रोध तांब्याच्या साधारण चाळीस पट असतो, आणि मी सगळा करंट त्या चकतीतून जायला लावला होता. लग थेट इन्व्हर्टरच्या पितळी बैठकीवर टेकली पाहिजे, धातूला धातू. तिच्यावर वॉशर, त्यावर स्प्रिंग वॉशर, मग नट. भर म्हणून दुसरी लग मी साध्या पकडीने दाबली होती, ती हिसका देताच सुटून हातात आली.

लग दाबायला षटकोनी साच्याचं हायड्रॉलिक क्रिंपिंगचं अवजार लागतं. विकत घ्यायला नको, भाड्याने आणा किंवा केबल विकणाऱ्याकडूनच मापाने लगा दाबून घ्या. नीट दाबलेली लग कापून पाहिली तर तारा वेगळ्या दिसत नाहीत, तांब्याचा एकच गोळा दिसतो. डाग देऊन जोडू नका: जोड तापला तर डाग वितळतो, आणि डाग जिथे संपतो तिथे हादऱ्यांनी तार तुटते. वरून आत गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवा.

फ्यूज

फ्यूज इन्व्हर्टरसाठी नसतो, केबलसाठी असतो. म्हणून तो बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात लागला पाहिजे. फ्यूज इन्व्हर्टरपाशी लावला आणि मधेच केबल पत्र्याला घासून उघडी पडली, तर बॅटरीची सगळी ताकद त्या ठिकाणी ओतली जाईल आणि फ्यूज नुसता बघत बसेल. आरव्हीत लाकूड, फोम, पडदे असतात. पेट घ्यायला वेळ लागत नाही.

आकडा काढायची रीत: सलग करंटच्या सव्वापट, पण केबलच्या क्षमतेच्या आत. २०० अँपिअरला २५० चा फ्यूज. लिथियम बॅटरी असेल तर फ्यूजचा प्रकारही बघा. शॉर्ट झाल्यावर या बॅटऱ्या हजारो अँपिअर सोडतात आणि साधा फ्यूज वितळला तरी आत ज्वाला टिकून करंट चालूच राहू शकतो. क्लास टी प्रकारचा फ्यूज २०,००० अँपिअरपर्यंतचा करंट तोडतो, एएनएल प्रकारचा ६,००० पर्यंत. लिथियमला क्लास टी लावा. फ्यूजनंतर हाताने फिरवायचा एक आयसोलेटर स्विचही बसवा, तेवढ्या करंटचा.

जागा आणि बसवणं

इन्व्हर्टर बॅटरीजवळ, पण बॅटरीच्या कप्प्यात नाही. पाणी भरायच्या लेड-अॅसिड बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीने पेटतो. इन्व्हर्टरच्या रिलेत ठिणगी पडतेच. गॅस सिलिंडरच्या कप्प्यातही अजिबात नाही. मधे एक फळी आणि दोन्ही बाजूंना वेगळी हवा, असं जमलं तर उत्तम. पंख्याच्या दोन्ही तोंडांपुढे निदान १० सेंटिमीटर मोकळे ठेवा आणि कप्प्याच्या दाराला जाळ्या पाडा. तिथे नंतर कुणी चादरी कोंबणार नाही याचीही सोय करा. यंत्र पातळ प्लायला स्क्रूने अडकवू नका, मागून आधार द्या आणि आरपार बोल्ट लावा.

केबल पत्र्यातून जाईल तिथे रबरी ग्रोमेट हवं आणि दर वीत-दीड वीत अंतरावर पट्टी. आता जोडणी. अंगठी, घड्याळ, साखळी काढून ठेवा. पान्याच्या दांड्यावर टेप गुंडाळा. बाहेरची वीज, सोलर आणि सगळे चार्जर बंद करा, इन्व्हर्टर बंद ठेवा, फ्यूज काढून ठेवा.

आधी इन्व्हर्टरची बॉडी गाडीच्या चासीला जाड वायरने जोडा, रंग खरवडून, धातूवर. ही वायर किती जाड, ते पुस्तिकेत असतं. बारीक चालत नाही. मग प्लस आणि मायनस इन्व्हर्टरला जोडा, आणि शेवटी बॅटरीकडची टोकं: आधी प्लस, मग मायनस. बॅटरी मॉनिटरचा शंट (करंट मोजण्यासाठीची पट्टी) असेल तर मायनसची केबल त्याच्यातून येईल. नट पुस्तिकेत दिलेल्या न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने आवळा. फ्यूज लावण्याआधी मल्टिमीटरने ध्रुव तपासा. उलटी जोडणी एकदा झाली तरी बहुतेक इन्व्हर्टर थेट दुरुस्तीला जातात आणि वॉरंटी हात वर करते.

इन्व्हर्टरच्या आत मोठे कपॅसिटर असतात. ते रिकामे असताना फ्यूज थेट लावला तर मोठी ठिणगी उडते, टोकं करपतात, बीएमएस बंद पडू शकतो. त्यासाठी ३० ते ५० ओमचा, ५ ते १० वॅटचा रेझिस्टर फ्यूजच्या दोन टोकांमध्ये पक्कडीने पाच-दहा सेकंद धरा. कपॅसिटर हळूच भरतात. तो काढून लगेच फ्यूज लावा, काहीही आवाज होत नाही.

एसीची बाजू: इथे जाणकार इलेक्ट्रिशियन

डीसीचं काम काळजीपूर्वक करणाऱ्या माणसाला जमतं. एसीच्या कायम जोडणीसाठी मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा. तरीही काय व्हायला हवं हे तुम्हाला माहीत असलंच पाहिजे, कारण घराचं वायरिंग करणाऱ्या प्रत्येकाने आरव्ही पाहिलेली नसते.

शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली की तो तुटतो. काही देशांत ५ मिलिअँपिअरचे वापरतात. पण न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला बांधलेलं असेल तरच गळणाऱ्या करंटला परतीची वाट मिळते आणि तफावत दिसते. बरेच सुटे इन्व्हर्टर हा बंध न देता येतात. अशा ठिकाणी आरसीसीबी शोभेला लागलेला असतो. उलट, बाहेरच्या विजेवर असताना हा बंध त्या जागेच्या पुरवठ्यातच असतो, गाडीत दुसरा असता कामा नये, नाहीतर परतीचा करंट अर्थिंगच्या तारेतून वाटून जातो. म्हणजे बॅटरीवर असताना बंध हवा, बाहेरच्या विजेवर नको. चांगल्या इन्व्हर्टर-चार्जरमध्ये एक रिले हे काम आपोआप करतो. इलेक्ट्रिशियनला हा एक प्रश्न नक्की विचारा.

दोन गोष्टी कधीच करू नका. इन्व्हर्टरचं आउटपुट आणि बाहेरची वीज एकाच तारेवर ट्रान्सफर स्विचशिवाय आणू नका. आणि इन्व्हर्टरच्या सॉकेटमधून वायर काढून गाडीच्या बाहेरच्या इनलेटमध्ये घालू नका. तसं केलं की गाडीतला बॅटरी चार्जर इन्व्हर्टरवर चालू होतो, म्हणजे बॅटरी स्वतःलाच चार्ज करत रिकामी होत जाते. शिवाय गॅसवर चालणारा फ्रिज ऑटोवर असेल तर एसी दिसताच तो गॅस सोडून विजेवर जातो आणि ३०० वॅटच्या पुढे ओढत राहतो. इन्व्हर्टरवर फक्त निवडक सॉकेट घ्या, वेगळ्या एमसीबीवर. गाडीत भिंतीतली एकतारी जाड वायर वापरू देऊ नका, ती हादऱ्याने तुटते. बहुतारी हवी.

पहिली चाचणी

आधी काहीही न लावता इन्व्हर्टर चालू करा आणि आउटपुट मोजा. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, पण एवढ्यावर समाधान मानू नका: ते बटण दाबलं की न्यूट्रल-अर्थिंगचा बंध नसतानाही आरसीसीबी तुटतो. सॉकेटमध्ये लावायचा तपासणीचा प्लग मिळतो, जो खरोखर अर्थिंगकडे करंट सोडून बघतो. तो वापरा, इन्व्हर्टरवर एकदा आणि बाहेरच्या विजेवर एकदा.

मग किटली लावा. ती चालू असताना बॅटरीच्या टोकांवर आणि इन्व्हर्टरच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. १२ व्होल्टच्या व्यवस्थेत १००० वॅटला फरक ०.२ च्या आत असावा. जास्त असेल तर एक-एक जोड वेगळा मोजा, मल्टिमीटरचं एक टोक लगेवर आणि दुसरं तिच्या बोल्टवर ठेवून. चांगल्या जोडावर जेमतेम काही मिलिव्होल्ट दिसतात. ज्या जोडावर शंभर-दोनशे दिसले, तो उघडा. पंधरा मिनिटं मोठा लोड चालवा, इन्व्हर्टर बंद करा आणि प्रत्येक लगेला हात लावून बघा: कोमट चालेल, चटका नको. फ्यूजचा धरणाराही तपासा, बरेचदा तिथलाच नट सैल राहिलेला असतो.

कमी व्होल्टेजला बंद होण्याची मर्यादाही आत्ताच लावा. लेड-अॅसिडसाठी बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये ती कारखान्यातूनच १०.५ व्होल्टच्या आसपास असते. लिथियमला ती ११.५ च्या पुढे ठेवा, म्हणजे बीएमएसने झटक्यात सगळं तोडण्याआधी इन्व्हर्टर सभ्यपणे थांबेल.

नवी केबल पहिल्या काही तापण्या-थंड होण्यात बसते, लग किंचित ढिली होते. म्हणून पहिल्या ३००–४०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा आणि नंतर वर्षातून एकदा. मी कप्प्याच्या दाराच्या आतल्या बाजूला एक पांढरी पट्टी चिकटवली आहे. पहिल्या दिवशीचे आकडे तिच्यावर लिहिलेत: किटली चालू, बॅटरी १२.९, इन्व्हर्टर १२.८. दर मोठ्या प्रवासाआधी किटली लावून तेच दोन आकडे खाली लिहितो. मागच्या वेळी फरक ०.१ चा ०.३ झालेला दिसला. मायनसचा नट जवळजवळ अर्धा फेरा सुटला होता.